गुरुवारची फाईल

डॉक्टरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन सव्वा महिना झाला होता. एका रविवारी डॉक्टर गलगली घरी आले आणि चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "वहिनी, सरांचे कागद आम्हाला द्या."

नृसिंह गलगली हे माझ्या नवऱ्याचे विद्यार्थी. आता तेही मनाच्याच रोगांचे डॉक्टर झालेत आणि कॉलेजात शिकवतात. ते म्हणाले, सरांनी एवढी वर्षं खेड्यापाड्यांतली माणसं तपासली, त्यांच्या फायली, पत्रं, टिपणं पुढच्या मुलांना उपयोगी पडतील. "तुम्ही फक्त दोन गठ्ठे करा. एक घरगुती, एक व्यावसायिक. घरगुती तुमचा, व्यावसायिक आमचा. पुढच्या रविवारी मी जीप घेऊन येतो."

जणू भाजीच निवडायची होती! मी बरं म्हटलं. त्यांना काय सांगणार, की त्या कपाटात एक फाईल आहे, ती कुठल्याच गठ्ठ्यात न घालता सरळ बंबात घालावी असं वीस वर्षं माझ्या मनात आहे?

मुलगी, नंदिनी, बेळगावला असते. तिचं पत्र आलं, ‘आई, अण्णांच्या पेशंटचं काही वाचत बसू नकोस. तुला त्रास होईल.’ लेकीला आईचा स्वभाव चांगला ठाऊक आहे. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या मंगळवार पेठेला ठाऊक आहे. पण रागाच्या खाली काय असतं ते फक्त मला ठाऊक होतं, असं मी समजत होते.

आमच्या घराला पुढचं दार होतं, पाटीही होती, ‘डॉ. त्र्यंबक हेरवाडकर’. पण पेशंट कधी पुढून आले नाहीत. डोक्याच्या डॉक्टरकडे गेलेलं कुणी पाहिलं, तर घरातल्या पोरींची लग्नं व्हायची नाहीत. म्हणून लोक मागच्या बोळातून यायचे, माझ्या परसातून, धुण्याच्या दगडाशेजारच्या बाकावर बसायचे आणि बोलावलं की स्वयंपाकघराच्या कडेनं आत जायचे. घरी सांगून आलेलं कारण प्रत्येकाचं वेगळं. शिरोळहून येणारा ट्रॅक्टरचा सुटा भाग न्यायला आलेला असायचा. कसबा बावड्याची बाई माहेरी निघालेली असायची. मी प्रत्येकाला माठातलं पाणी द्यायची. पाणी द्यायचं आणि एक शब्दही विचारायचा नाही, हा डॉक्टरांचा नियम होता. माझ्यासारख्या बाईला वीस वर्षं ही शिक्षा!

नावं तर घरातसुद्धा घ्यायची नाहीत. फाईलवर गाव आणि आकडा. "आज शिरोळ दोन येईल, त्याला उन्हात बसवू नकोस," असं ते मला सांगायचे. तशीच एक होती हुपरी चार.

तिचं नाव बयाबाई. ते मला डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्रेसष्ट साली तिचा नवरा बाळासो तिला पहिल्यांदा घेऊन आला, तेव्हा "बया, ऊठ," असं म्हणाला, म्हणून कळलं. हुपरीला त्यांच्या घरात चांदीचे पैंजण करायचं काम. घरच्यांना आणि गावाला सांगायचं कारण तयारच होतं, गुजरीत सराफांकडे माल द्यायला जातो. दर गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं यायची. पहिली दोन-तीन वर्षं बाळासो बरोबर असायचा, मग एकटीच.

दिसायला बरी असती तर मला बरं वाटलं असतं. निदान कारण तरी कळलं असतं. हडकुळी, सावळी, कड्या सांधायला डाग देताना भाजून बोटांची टोकं काळी झालेली. दुसऱ्यांच्या पायांसाठी पैंजण करायची आणि स्वतःचे पाय मोकळे. माझ्या हातचं पाणी प्यायची, तांब्या पालथा घालायची, आणि आत जायची ती पाऊण तास बाहेर यायची नाही.

आणि आतून हसण्याचा आवाज यायचा.

तिचा नव्हे हो. यांचा! माझ्या नवऱ्याला हसताना ठसका लागायचा. लग्न झालं तेव्हा पहिली काही वर्षं तो ठसका मी ऐकला होता. मग बंगळुरूला शिकून आले, दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायला लागले, आणि घरातला ठसका बंद झाला. जेवताना चेहरा असा, जणू समोर पेशंट बसलाय. आणि गुरुवारी, माझ्याच घरात, भिंतीपलीकडे, त्या चांदीवालीसमोर माणूस ठसका लागेपर्यंत हसतोय! मी खलबत्ता थांबवून ऐकायची. हसणं थांबलं की पुन्हा कुटायला लागायची. त्या वाराची चटणी जरा जास्तच बारीक व्हायची.

एकदा मी विचारलं, "हुपरी चारला असं काय झालंय, की तुम्हाला एवढं हसू येतं?" तर म्हणाले, "मीनाक्षी, नियम." झालं. विषय संपला.

मला एकच दिलासा होता, बुधवार. बुधवारी संध्याकाळी ते पेशंट घेत नसत. स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "सांग, काय काय झालं या आठवड्यात?" मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा. कुणाशी भांडले, कोण काय म्हणालं, मी काय उत्तर दिलं. ते एकदाही हसायचे नाहीत, पण मधे बोलायचेही नाहीत. फक्त बारीकसारीक विचारायचे. बादली पितळेची की लोखंडी? तो दुकानदार बसला होता की उभा होता? मला वाटायचं, असू दे, गुरुवार तिचा असेल, बुधवार माझा आहे. इतक्यावर मी वीस वर्षं संसार केला.

तरी मनातलं जाईना. डॉक्टर गेले त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर मी एक वेडेपणा केला. सायकल शिकायला लागले, वयाच्या बावन्नाव्या वर्षी! शेजारच्या शालूबाई प्राथमिक शाळेत मास्तरीण, त्यांच्याकडे लेडीज सायकल होती. सकाळी सहाला तालमीमागच्या मैदानावर त्या सायकल धरायच्या आणि मी पडायची. शालूबाईंना सांगितलं, गुडघ्यांना व्यायाम हवाय. खरं कारण हे, की ती बाई आमच्याकडून निघून कुठं जाते, गुजरीत जाते का खरंच, की आणखी कुठं कुणी तिची वाट बघत असतं, ते मला पाहायचं होतं. पायी गेले तर ती भराभर चालणारी, रिक्षा केली तर पेठेत बभ्रा. म्हणून सायकल. डॉक्टरांना मी काही कळू दिलं नव्हतं. ते त्या वेळी फिरायला बाहेर पडायचे, त्यामुळे सोयीचंच होतं.

पण मी नीट शिकायच्या आतच ते गेले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, जेवून हात धुतले आणि खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. आदल्या दिवशी गुरुवार होता. म्हणजे त्यांचं शेवटचं हसणंसुद्धा तिलाच मिळालं.

त्यानंतर मी मागच्या दाराला आतून कडी घातली. लोकांना वाटलं, बाई दुःखात आहे. दुःखात होतेच, पण कडी त्यासाठी नव्हती. गुरुवारी दहाच्या सुमाराला ती वाजायची. हळूच, दोनदा. मी स्वयंपाकघरात बसून ऐकायची आणि उठायची नाही. थोड्या वेळानं बोळातून पावलं दूर जायची. असे पाच गुरुवार झाले. मला माझी लाज वाटली का? नाही वाटली. बरं वाटलं.

गलगली येऊन गेल्यावर सोमवारी मी कपाट उघडलं. घरगुती कागद अर्ध्या दिवसात संपले. नंदिनीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून माझ्या चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळं एका पिशवीत मावलं. माझ्या नावाचं एक धड पत्र नाही. आम्ही कधी दूर राहिलोच नाही. बंगळुरूची दोन वर्षं राहिलो तेवढीच, आणि तेव्हाची त्यांची पत्रं म्हणजे ‘पोचलो, थंडी आहे, स्वेटर पाठव.’ चौतीस वर्षांत माणसानं माझ्याबद्दल कागदावर एवढंच लिहिलं होतं.

मग फायली. एकेक काढून गावाप्रमाणे लावायला लागले. सगळ्या इंग्रजीत. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, त्यात डॉक्टरांचं अक्षर, त्यामुळे वाचायचा मोह होण्याचा प्रश्नच नव्हता. बुधवारी दुपारी हुपरीचा गठ्ठा आला. एक, दोन, तीन. आणि चार.

ती मराठीत होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या जगाला इंग्रजी आणि हिला मराठी! तेसुद्धा सुवाच्य अक्षरात, शाळेतल्या मुलानं लिहावं तसं. आणि ही जाडजूड. दोऱ्यानं एकाला एक बांधलेले सहा भाग. मी नंदिनीचं पत्र बाजूला सारलं, चष्मा लावला आणि पाटावर बसले.

‘६ जून १९६३, गुरुवार. वय अंदाजे पंचवीस. दोन वर्षांची मुलगी तापानं गेली, तेव्हापासून बोललेली नाही. चौदा महिने. हिची टिपणं मराठीत ठेवायला हवीत. ही बोलली तर शब्दान् शब्द तिचाच हवा, माझं भाषांतर नको.’

पुढच्या चार गुरुवारी एकेकच ओळ होती. ‘शब्द नाही.’ ‘शब्द नाही. पैंजण घालायचं सोडलं आहे.’ मला वाईट वाटलं. मी काही दगड नाही. पण मग सहावा गुरुवार आला.

‘११ जुलै. अजून शब्द नाही. शांतता मलाच सोसेना, म्हणून काल मीनाक्षीनं सांगितलेलं बादलीचं प्रकरण सांगत बसलो. बादली गादीवर ठेवली इथवर आलो आणि वेळ संपली. उठलो. मागून आवाज आला, ‘मग? दिली का साडी?’ पंधरा महिन्यांतले पहिले शब्द. म्हणालो, पुढच्या गुरुवारी सांगतो.’ आणि खाली लाल शाईनं, ‘यापुढे गोष्ट नेहमी अर्धी ठेवणे.’

बादलीचं प्रकरण असं. मी एक हिरवी साडी घेतली होती. पहिल्याच धुण्यात तिचा सगळा रंग पाण्यात उतरला. दुकानदार म्हणाला, "बाई, वापरलेला माल परत घेत नाही." मी घरी आले, ते हिरवं पाणी भरलेली पितळी बादली टांग्यात घालून दुकानात नेली, त्याच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर ठेवली आणि म्हणाले, "हा घ्या तुमचा रंग. मी फक्त कापड वापरलंय." सगळं दुकान बघत होतं. साडी दिली त्यानं मुकाट्यानं दुसरी.

मी पुढं वाचत गेले. पानापानांवर मीच! मी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी भांडले ते. दूधवाल्या गुंडूला त्याचंच दूध पेलाभर प्यायला लावलं ते. पाहुण्यांना वाढताना माझा दात पडला आणि मी तो तोंडातच धरून आग्रह करत राहिले ते. प्रत्येक गोष्ट मी बुधवारी सांगितलेली, आणि प्रत्येकीखाली तारीख गुरुवारची. ‘हसली.’ ‘आज मलाही ठसका लागला.’ ‘स्वतःहून मुलीचं नाव घेतलं, रडली, मग विचारलं, दूधवाल्याचं काय झालं?’

सुरुवातीला, खोटं कशाला बोलू, मी सुखावले. एक बाई माझ्यामुळे बोलायला लागली होती. पण मग सगळं ध्यानात आलं. बुधवार माझा नव्हताच. बुधवारी ते गुरुवारचा माल भरायला येत होते. बादली पितळेची की लोखंडी हे त्यांना माझ्यासाठी नको होतं, तिच्यासाठी हवं होतं! मी पाटावर बसून वीस वर्षं बडबडले, माझ्यासमोर माणूस दगडासारखा बसला, आणि दुसऱ्या दिवशी तेच तिला सांगून हसला. माझ्याकडे एकच वार होता, तोही माझाच माल नेऊन तिला दिला.

आणि अडुसष्ट सालातलं हे पान. ‘मीनाक्षीला वाटतं मला झोप लागली, मग ती माझ्या कपाळाला हात लावून बघते. रोज. मी झोपेचं सोंग घेतो, नाहीतर ती हात काढील. हे आज बयाबाईला सांगितलं. ती म्हणाली, सोंग सोडू नगा.’

हेही सांगितलं! मला नाही, तिला. मी ते पान फाडणार होते. फाडलं नाही, कारण अक्षर त्यांचं होतं.

शेवटचा घाव १४ ऑक्टोबर १९७१ चा. ‘पूर्ण बरी. उपचार संपले. यापुढे येण्याची गरज नाही.’ खाली सही. आणि पुढच्याच पानावर २१ ऑक्टोबर, गुरुवार. आणि त्यापुढे बारा वर्षांचे गुरुवार. बरी झालेली बाई बारा वर्षं दर आठवड्याला माझ्या नवऱ्याकडे कशाला येत होती? बस्स. आता मला कुठल्या गलगलीची पर्वा नव्हती. ही फाईल उद्या बंबात जाणार होती.

गुरुवारी सकाळी मी बंब पेटवला. आंघोळ उरकली. सहाही भाग धुण्याच्या दगडावर आणून ठेवले. आधी बंबातली राख काढायला हवी होती, म्हणून घमेलं भरलं, मागच्या दाराची कडी काढली आणि बोळात राख टाकून वळले. तर ती समोर उभी.

हातात कापडी पिशवी. डोईवरचा पदर सारखा करत म्हणाली, "वैनी, आज उगडी हाय व्हय कडी?"

मी घमेलं दाराशी ठेवलं. ती आत आली. बाकावर बसली, जशी दर वेळी बसायची. माझे हात आपोआप माठाकडे गेले. वीस वर्षांची सवय. ती पाणी प्यायली, तिनं तांब्या पालथा घातला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "वैनी, सायकल आली का?"

"कसली सायकल?"

"तुमचीच की. शेवटच्या गुरुवारी सायेब सांगत हुतं. वैनी चोरून सायकल शिकतीया म्हणालं. रोज सकाळी मी मफलर गुंडाळून झाडाआड हुबा ऱ्हातो म्हणालं, तिला ठाव न्हाय. परवा वैनी पडली, उठली, कोण बगतंय का बगितलं, आन् सायकललाच एक लाथ घातली. मग परत चढली. एवढं सांगितलं, हसून हसून ठसका लागला, आन् म्हणालं, बया, ऱ्हायल्यालं पुढच्या गुरुवारी." तिचा आवाज जरा बसला. "पुढचा गुरुवार सायबांनी बगितलाच न्हाय. मी मातूर पाच गुरुवार आलो. कडी लागल्याली. म्हटलं, ऱ्हायल्यालं वैनींनाच ठाव असणार, दुसऱ्या कुणाला?"

लाथ घातली होती खरी. शालूबाईंशिवाय कुणी पाहिली नाही असं मी समजत होते. मी धुण्याच्या दगडावर टेकले, फायलींच्या शेजारी.

"ह्ये काय काढलंया?" तिनं विचारलं.

"तुमची फाईल. जाळायला."

ती दचकली नाही. "जाळा की. पन आदी वाचून दावा. मला वाचाय येत न्हाय. काय लिवलंय सायबांनी माझं, ठावंच न्हाय मला."

"तुमचं काही नाही त्यात," मी म्हणाले, आणि वीस वर्षांचं सगळं माझ्या तोंडात आलं. "सगळं माझंच आहे. माझंच! आणि मला विचारू द्या एक, बयाबाई. एकाहत्तर साली तुम्ही बऱ्या झालात. डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, यायची गरज नाही. मग बारा वर्षं माझ्या दारात का येत होतात?"

मग तिला उमजलं. बायकांना हे उमजतंच.

"तुमी वैनी माझ्यावर जळत हुता?"

"होय," मी म्हणाले.

"आरं द्येवा!" तिनं कपाळाला हात लावला. "आन् मी तुमच्यावर जळत हुतो! घरी जाऊन दादल्याच्या तोंडाकडं बगायचो. ह्यो माझं कुणाला काय सांगत आसंल? काय बी न्हाय. पैंजन झालं का, एवढंच. आन् हितं एक मानूस बायकूचं एवढं सांगतोय, एवढं सांगतोय, की पाऊन तास पुरत न्हाय."

"पण का येत होतात?"

"मी न्हाय येत हुतो. सायबांनीच बोलवलं. म्हणालं, बया, तू बरी झालीस, तुझ्यासाठी आता येऊ नगंस. माझ्यासाठी ये. मी दिसभर समद्यांचं ऐकतो, माझं ऐकणारं कोण न्हाय. मी म्हटलं, घरात वैनी हायत की. तर म्हणालं, तिला कसं सांगू? तिचंच हाय की त्ये. तिच्याम्होरं हसलो तर ती सावध हुईल. पुन्यांदा बुधवारी तसं बोलणार न्हाय. मग माझ्याकडं काय उरंल?"

बंबातला जाळ तडतडत होता. मी पदर डोळ्यांना लावला. राग होता की काय होतं, कुणास ठाऊक. एवढं साधं! माझ्यासमोर एकदा हसला असता माणूस, तर मी काय बोलायची थांबणार होते? मी? पण विचार करते तेव्हा वाटतं, थांबलेही असते. मला कुणी हसलेलं खपत नाही. मी नक्की विचारलं असतं, हसायला काय झालं? आणि पुढच्या बुधवारी नुसती आमटी वाढली असती. मनाचा डॉक्टर होता. माझ्या मनाचंही निदान त्याचं बरोबर होतं. फक्त औषध दुसरीला देत बसला.

"वैनी," बयाबाई म्हणाली, "ते सायकलचं ऱ्हायलं की. कशाला शिकत हुता? सायबांना बी लई नवल वाटायचं. इचारलं तर सोडून देईल म्हणायचं."

मी तिच्याकडे पाहिलं. खोटं सांगता आलं असतं. गुडघ्यांचा व्यायाम.

"तुमच्या मागं यायला," मी म्हणाले. "इथून सुटलात की कुठं जाता ते बघायला."

ती हसायला लागली. भाजलेली बोटं तोंडावर धरून, पुढं वाकून, बाक हलेपर्यंत. "माझ्या मागं! सायकलवर! अवो वैनी, मी गुजरीत माल देतो, एक भजं खातो आन् एस.टी.त बसतो!" आणि हसता हसता म्हणाली, "आत्ता सायेब असतं तर… ठसक्यानं मेलं असतं."

मी उठून सहाही भाग पुन्हा आत नेऊन ठेवले.

रविवारी गलगली जीप घेऊन आले. यादी तपासताना म्हणाले, "वहिनी, हुपरी तीननंतर एकदम पाच आहे. चार कुठाय?" मी म्हणाले, "ती घरगुती आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारणार होते, पण माझा चेहरा बघून जीपकडे गेले.

बयाबाई अजून येते. गुरुवारी, दहाच्या सुमाराला, मागच्या दारानं. आता आत येऊन पाटावर बसते. फाईलमध्ये सगळं नाही. कितीतरी गोष्टी त्यांनी सांगितल्या आणि लिहिल्या नाहीत, त्या तिला तोंडपाठ आहेत. सांगताना ती त्यांच्यासारखी मान वाकडी करते, त्यांच्यासारखी मधेच थांबते. ठसकासुद्धा अगदी तसाच काढते. मी एक शब्द मधे बोलत नाही. मग अर्ध्यावर येऊन म्हणते, "ऱ्हायल्यालं पुढच्या गुरुवारी, वैनी," आणि पिशवी उचलते.

कुणाकडून शिकली ते मला ठाऊक आहे. राग येतो. माझा नवरा, माझ्या गोष्टी, आणि मला तो हिच्याकडून आठवड्याला थोडा थोडा घ्यावा लागतो. तिच्याकडे अजून किती शिल्लक आहे, हे मी विचारत नाही आणि ती सांगत नाही. एस.टी.ला उशीर झाला, की मी कडी काढून बोळात जाऊन उभी राहते.